नेट तुटतं तेव्हा मोडेम काय सांगत असतो

आजचा विषय आहे घरचं केबल इंटरनेट. टीव्हीच्या केबलमधून जे नेट येतं, आणि ऐन वेळी जे येत नाही, ते. तुम्ही बडोद्यात असाल, इंदूरला, हैदराबादला, बेळगावला किंवा बंगळुरूला. केबलवाला वेगळा असेल, त्याची भाषा वेगळी असेल, पण आतलं तंत्र सगळीकडे एकच आहे. त्यामुळे आज जे बोलू ते कुठेही लागू पडेल.

आधी एक खात्री करून घ्या, कारण आपल्याकडे 'केबलवाल्याचं नेट' या एका नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी खपतात. घरात येणारी वायर बघा. करंगळीपेक्षा बारीक, गोल, काळी किंवा पांढरी, टोकाला फिरवून बसवायची धातूची टोपी आणि मधोमध एकच ताठ तार दिसत असेल, तर ती कोॲक्सियल केबल. आजचं बोलणं तिच्याबद्दल आहे. टोकाला टक्कन बसणारी प्लास्टिकची क्लिप आणि आत आठ रंगीत तारा असतील तर ती लॅन वायर. तुमच्या इमारतीपर्यंत फायबर आलंय आणि तिथून पुढे ही वायर. आणि वायर अगदी बारीक, टोकाला हिरवा किंवा निळा प्लग असेल तर थेट फायबर. फायबरवाल्यांनी एवढंच लक्षात ठेवा: डब्यावर एलओएसचा लाल दिवा लागला की बाहेरून प्रकाश पोचत नाहीये, तेव्हा वायर कुठे दुमडली किंवा दाराखाली चेपली आहे का ते बघायचं. निघालेलं टोक डोळ्यासमोर धरून बघायचं नाही. त्यातला प्रकाश दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो.

दुसरी खात्री वायफायची. नेट तुटलं की आपण सगळा दोष लाइनला देतो, पण कितीतरी वेळा लाइन ठणठणीत असते आणि वायफाय भिंतीपलीकडे पोचत नसतं. लॅपटॉप लॅन वायरने थेट मोडेमला किंवा राउटरला जोडा आणि तासभर वापरा. अडचण गेली तर तुमचा प्रश्न वायफायचा. राउटर कपाटातून बाहेर काढा, उंच ठेवा. अडचण तशीच राहिली तर पुढे चला.

आता इंदूरच्या एका शिक्षिकेचं उदाहरण घेतो. त्या घरून दहावीच्या मुलांना गणित शिकवतात. त्यांची तक्रार अशी होती की मुलं त्यांना स्पष्ट दिसतात, मुलांचं बोलणं नीट ऐकू येतं, पण त्यांचा आवाज मुलांकडे तुटत तुटत जातो. त्या प्रमेय सांगतायत आणि पलीकडे पोचतंय 'म्हणून को... बी... बरोबर'. केबलवाल्याचा माणूस यायचा, मोबाइलवर स्पीड टेस्ट लावायचा, डाउनलोडचा आकडा दाखवायचा आणि म्हणायचा, "मॅडम, स्पीड तो पूरा है." दोन महिन्यांत तीन मुलं गेली. घरगुती क्लासमध्ये पालक कारण सांगत बसत नाहीत. पुढच्या महिन्याची फी येत नाही, एवढंच कळतं.

या तक्रारीतच निदान आहे. समोरचे दिसतात, ऐकू येतात, म्हणजे येणारी वाट चांगली आहे. आपलं पोचत नाही, म्हणजे जाणारी वाट खराब आहे. केबलमध्ये या दोन वाटा खरोखर वेगळ्या असतात. एकाच तारेत, पण वेगळ्या फ्रिक्वेन्सीवर. घराकडे येणारा सिग्नल, म्हणजे डाउनस्ट्रीम, वरच्या फ्रिक्वेन्सींवर येतो, शेकडो मेगाहर्ट्झमध्ये, टीव्हीच्या चॅनलांच्या शेजारीच. घराकडून जाणारा, म्हणजे अपस्ट्रीम, अगदी खालच्या पट्ट्यात कोंबलेला असतो. जुन्या अमेरिकी पद्धतीत ५ ते ४२ मेगाहर्ट्झ, युरोपीय पद्धतीत ५ ते ६५.

कोंबलेला का? कारण ही वायर मुळात घराने उत्तर द्यावं म्हणून टाकलेलीच नव्हती. आपल्याकडे १९९०च्या दशकात गल्लीगल्लीत केबल पसरली ती चित्रं घरात आणायला. एका खोलीत डिश आणि यंत्रं, तिथून गच्च्यांवरून तारा. सगळा प्रवाह एकाच दिशेने. केबलवरून इंटरनेट देण्याची जी पद्धत जगभर रूढ झाली तिचं नाव डॉक्सिस, तिची पहिली आवृत्ती १९९७ची. परतीची वाट नंतर काढली, आणि उरलेल्या जागेत काढली. त्यामुळे केबल नेटचं दुखणं बहुतेक वेळा या परतीच्या वाटेवर असतं, आणि आपण मात्र डाउनलोडचा स्पीड मोजत बसतो.

'टीव्ही तर छान दिसतोय, मग वायर ठीकच असणार' हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. पटण्यासारखं आहे, पण खरं नाही. टीव्ही फक्त ऐकतो. मोडेमला ऐकायचंही असतं आणि बोलायचंही. शिवाय कनेक्टरमधली तार आतल्या आत तुटून केसभर अंतर पडलं, तर वरच्या फ्रिक्वेन्सी ते अंतर ओलांडून जातात, खालच्या अडतात. म्हणजे टीव्ही झकास आणि नेट मेलेलं, हे एकाच तुटलेल्या तारेने होऊ शकतं.

तर मग मोजायचं काय? मोडेमलाच विचारायचं. बहुतेक केबल मोडेमना स्वतःचं एक पान असतं. ब्राउझरमध्ये पत्त्याच्या जागी १९२.१६८.१००.१ टाका, अर्थात इंग्रजी आकड्यांत. ते पान उघडलं नाही तर मोडेमच्या खाली चिकटवलेल्या लेबलवर पत्ता आणि पासवर्ड असतो. काही कंपन्या हे पान बंद करून ठेवतात. तसं असेल तर हेच आकडे कंपनीच्या माणसाला त्याच्या बाजूने दिसतात, त्याच्याकडून मागायचे. पानावर बऱ्याच रकाने दिसतील. घाबरू नका, आपल्याला तीन बघायचे आहेत.

पहिला, डाउनस्ट्रीम पॉवर. याचं माप डीबीएमव्ही. यात शून्य म्हणजे काही नाही असं नव्हे. शून्य म्हणजे एक मिलिव्होल्ट, तो मधला बिंदू आहे. त्यामुळे 'उणे ३' बघून दचकू नका, तो चांगला आकडा आहे. उणे ७ ते अधिक ७ मध्ये असलं की उत्तम. उणे १० पर्यंत निभतं. उणे १५ आणि अधिक १५ या पद्धतीनेच घालून दिलेल्या सीमा आहेत, आणि सीमेवर संसार करायचा नसतो. जास्त सिग्नलही वाईटच, कोणी कानाजवळ ओरडावं तसा. इथे एक गंमत सांगून ठेवतो. आपल्याकडचे लाइनमन त्यांच्या मीटरवर बहुधा डीबी मायक्रोव्होल्ट वाचतात. तो म्हणेल, "पैंसठ आ रहा है." तुमचं पान म्हणेल ५. दोघंही खरं बोलताय. त्याच्या आकड्यातून ६० वजा करा.

दुसरा, एसएनआर. म्हणजे गोंगाटाच्या मानाने सिग्नल किती वर आहे. ३६ ते ४० असेल तर मजेत. ३३च्या खाली घसरायला लागला की अडचणी सुरू. पॉवर चांगली आणि एसएनआर वाईट असं दिसलं तर सिग्नल भरपूर येतोय, पण खराब होऊन येतोय.

तिसरा आकडा सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात उलटा. अपस्ट्रीम पॉवर. हा मोडेमला मिळालेला सिग्नल नाही. हा मोडेमने स्वतः लावलेला जोर आहे. केबल कंपनीच्या टोकाला जे यंत्र बसलंय त्याला प्रत्येक घराचा आवाज सारख्याच पातळीवर ऐकू यायला हवा असतो. ते सतत प्रत्येक मोडेमला सांगत असतं, जरा मोठ्याने बोल, जरा हळू बोल. कानाने मंद झालेल्या आजोबांशी फोनवर बोलताना आपला आवाज आपोआप चढतो ना, तसं. मधे अडथळा जितका जास्त, तितका मोडेमचा आवाज चढतो. म्हणून इथे मोठा आकडा ही वाईट बातमी. साधारण ३८ ते ४८मध्ये असलं तर ठीक. ५०च्या पुढे गेलं की मोडेम घसा फोडून ओरडतोय. किती चॅनल एकदम वापरतोय त्यावर अवलंबून ५१ ते ५७च्या दरम्यान त्याची ताकद संपते. मग त्याचं बोलणं तुटायला लागतं, आणि शेवटी तो हात टेकून पुन्हा पहिल्यापासून जोडणी सुरू करतो. तुम्हाला दिसतं काय, तर दिवे लुकलुकतात आणि पाच मिनिटं नेट नाही.

डेसिबलचं गणित तोंडपाठ असू दे: दर ३ला ताकद दुप्पट. ४२वरून ५१वर गेलेला मोडेम आठपट जोर लावतोय.

याच मोडेमच्या पानांवर एक नोंदवही असते, इव्हेंट लॉग नावाची. तिच्यात टी३ आणि टी४ असे शब्द दिसतील. टी३ म्हणजे मोडेमने हाक मारली, उत्तर आलं नाही. टी४ म्हणजे त्याला बोलायची पाळीच मिळेना. दिवसातून एखाद-दुसरी नोंद सोडून द्या. तासाला दहा-वीस टी३ असतील तर परतीच्या वाटेवर दुखणं आहे, यावर वाद घालायला नको. आणखी एक रकाना 'अनकरेक्टेबल'चा. वाटेत बिघडलेली आणि दुरुस्त न झालेली माहिती किती, त्याची ती मोजणी. ती मोडेम सुरू केल्यापासूनची असते, म्हणून मोठा आकडा बघून लगेच निष्कर्ष काढू नका. मोडेम एकदा बंद-चालू करा, वेळ लिहून ठेवा, तासाभराने बघा वाढतोय का.

आता शोध. हा भाग नीट ऐका, कारण निम्मं भांडण इथे मिटतं. मोडेम उचला आणि घरात वायर जिथून शिरते तिथे न्या. खिडकीपाशी, दाराच्या वर, जिथे असेल तिथे. मधले सगळे तुकडे, स्प्लिटर, टीव्ही, भिंतीतलं सॉकेट बाजूला करा आणि बाहेरून आलेली वायर सरळ मोडेमच्या पाठीत लावा. प्लगसाठी एक्स्टेंशन बोर्ड लागेल. दहा मिनिटं थांबा आणि तेच तीन आकडे वाचा. मोबाइलने फोटो काढा. आकडे सुधारले तर दुखणं उंबरठ्याच्या आत आहे आणि ते बहुधा तुम्ही स्वतः दूर करू शकता. आकडे तसेच वाईट राहिले तर दुखणं बाहेर आहे, आणि घरातली एकही वायर बदलून काही होणार नाही. नवा मोडेम विकत घेऊनही नाही. 'मोडेम बदलके देखो' हा सल्ला या एका तपासणीआधी कोणी दिला तर ऐकू नका.

इंदूरच्या बाईंकडे काय निघालं ते सांगतो. मोडेम जागेवर असताना अपस्ट्रीम ५३, डाउनस्ट्रीम उणे ६. दाराशी नेऊन लावला तर अपस्ट्रीम ४३, डाउनस्ट्रीम अधिक ४. दहा डेसिबल घरातच हरवत होते. टीव्हीच्या शोकेसमागे एक चार तोंडांचा स्प्लिटर होता, घरात एकत्र कुटुंब आणि तीन टीव्ही होते तेव्हाचा. त्याच्याआधी दाराशी आणखी एक, दोन तोंडांचा. हिशेब करून बघा. दोन तोंडांचा स्प्लिटर सिग्नलचे दोन भाग करतो, म्हणजे साधारण साडेतीन डेसिबल जातात. चार तोंडांचा सात खातो. साडेदहा झाले. तोंडाला काही लावलेलं असो वा नसो, ते जातातच. स्प्लिटरला कोणी घरात आहे की नाही कळत नाही, तो वाटणी करून मोकळा होतो. त्यांच्याकडे आता एकच टीव्ही. दाराशी दोन तोंडांचा एकच स्प्लिटर ठेवला, एक तोंड मोडेमला, एक टीव्हीला, चार तोंडांचा काढून टाकला. अपस्ट्रीम ४६ झालं आणि तुटणं थांबलं. गेलेली मुलं काही परत आली नाहीत, ते वर्ष गेलं. पण पुढच्या जूनपासूनचे वर्ग नीट चालले.

स्प्लिटरबद्दलच आणखी एक. त्याच्या अंगावर छापलेलं वाचा. केबलसाठी '५ ते १००० मेगाहर्ट्झ' हवा. '९५० ते २४००' लिहिलेला असेल तर तो गच्चीवरच्या डिशसाठीचा आहे. दिसायला डिट्टो सारखा, पण आपली परतीची वाट तो अडवतो. दुकानदार दोन्ही एकाच डब्यातून काढून देतात. आणि टीव्हीचा बूस्टर. दुसऱ्या खोलीतला टीव्ही धूसर दिसतो म्हणून कधीकाळी लावलेला तो छोटा डबा. स्वस्त बूस्टर बहुतेक एकाच दिशेला चालतात. बाहेरून आत. मोडेम त्याच्या मागे लावला की त्याचा आवाज बाहेर जाणारच नाही. गोंगाट असेल तर बूस्टर गोंगाटही तितकाच वाढवतो. माझं मत विचाराल तर घरात मोडेमच्या वाटेवर बूस्टर नकोच. सिग्नल कमी असेल तर तो कुठे गळतो ते शोधायचं.

आता जोड, म्हणजे कनेक्टर. घरातलं निम्मं दुखणं इथे असतं, म्हणून इथे जरा वेळ द्या. टोपी फिरवून काढा आणि आत बघा. मधली तार चकचकीत, सरळ आणि टोपीच्या कडेच्या जरा बाहेर आलेली हवी. काळी पडलेली, हिरवट, वाकलेली असेल तर जोड नव्याने करायला सांगा. भोवतीच्या जाळीचा एक केसही मधल्या तारेला टेकता कामा नये. जाळी टोपीशी घट्ट असायला हवी. वायर हलवली आणि टोपीत खुळखुळली तर जोड गेला. आपल्याकडे पक्कडीने चेपलेले किंवा नुसते पिळून बसवलेले जोड फार आहेत. यंत्राने दाबून बसवलेला, कंप्रेशनवाला, वर्षानुवर्षं टिकतो. लाइनमन आलाच आहे तर तोच मागा. टोपी लावताना हाताने पूर्ण फिरवा आणि मग ११ नंबरच्या पान्याने थोडीशी, अष्टमांश-चतुर्थांश वळसा. सॉकेट उपटेपर्यंत नाही.

सैल जोडाने फक्त सिग्नल बाहेर गळत नाही, बाहेरचा गोंगाटही आत शिरतो. मिक्सर लावला की नेट जातं, अशी तक्रार करणाऱ्या गृहिणीला घरातली मंडळी हसतात. हसू नका. मिक्सरच्या मोटरीतल्या ठिणग्या, स्वस्त एलईडी दिव्यांची सर्किटं, काही इन्व्हर्टर, यांचा विद्युत गोंगाट नेमका खालच्या फ्रिक्वेन्सींत जोरदार असतो, म्हणजे नेमका आपल्या परतीच्या वाटेवर. धडधाकट केबलची जाळी तो बाहेर ठेवते. जोड सैल असेल तर तिथून तो आत येतो.

आणि आता यातली खरी गोम. येणारा सिग्नल एका ठिकाणाहून अनेक घरांत वाटला जातो. जाणारा अनेक घरांतून एका ठिकाणी गोळा होतो. म्हणजे एखाद्या घरातल्या सैल जोडातून शिरलेला गोंगाट त्या लाइनवरच्या सगळ्या घरांच्या आवाजात मिसळून टोकाला पोचतो. तुमच्या घरातलं सगळं चोख असूनही तिसऱ्या मजल्यावरच्या मिक्सरने तुमचं नेट पडू शकतं. आणि तुमच्या रिकाम्या बेडरूममधल्या उघड्या वायरीने त्यांचं. म्हणून स्प्लिटरचं वापरात नसलेलं तोंड उघडं ठेवू नये. त्यावर ७५ ओहमची टर्मिनेटर नावाची छोटी टोपी बसते. आणि ज्या वायरीच्या टोकाला काहीच लावलेलं नाही, ती स्प्लिटरमधून काढूनच टाका. सोसायटीच्या मीटिंगमध्ये पार्किंगवर दोन तास जातात, त्यातली पाच मिनिटं याला द्यायला हरकत नाही.

बाहेरची दुखणी वेळेवरून ओळखायची. त्यासाठी आठवडाभर एका वहीत नेट कधी गेलं, कधी आलं एवढं लिहा. पाऊस सुरू झाल्यावर जातं आणि ऊन पडल्यावर एक-दोन दिवसांनी सुधारतं, तर कुठल्यातरी जोडात पाणी शिरतंय. पाणी जाळीतून वायरीच्या आत ओढलं जातं, मग नुसता जोड बदलून भागत नाही, भिजलेला तुकडा कापावा लागतो. तुमच्या खिडकीतून शिरणारी वायर आत येण्याआधी खाली झोल देऊन मग वर घेतलेली असावी, म्हणजे पाणी झोलातून ठिबकून जातं, आत येत नाही. उन्हाळ्यात भर दुपारी जातं आणि रात्री येतं, तर गच्चीवरचा जोड किंवा ॲम्प्लिफायर तापून बिघडतोय असा संशय घ्या. तांब्याची तार तापली की सिग्नलही थोडा जास्त खाते, आणि आधीच सीमेवर असलेली लाइन तेवढ्याने पलीकडे जाते. गुजरातेत उत्तरायण झाल्यावर गच्चीवरच्या तारांत अडकलेला मांजा आणि ओढलेले जोड ही वेगळी सांगायची गोष्ट नाही.

वीज जाते तेव्हाची एक तक्रार नेहमीची आहे: आमच्याकडे इन्व्हर्टर आहे, मोडेमचे दिवे चालू आहेत, तरी नेट जातं. जाणारच. जिन्यात किंवा गच्चीवर केबलवाल्याचा ॲम्प्लिफायर असतो आणि त्याला वीज बहुधा कुणाच्या तरी घरातून किंवा जिन्याच्या मीटरवरून दिलेली असते. तिथे बॅकअप नाही. कधी तर ज्यांच्या घरातून वीज घेतलीय ते गावी जाताना मेन स्विच बंद करून जातात आणि अख्ख्या विंगचं नेट बसतं. हे शोधायला कुठलंही मीटर लागत नाही, जिन्यातली वायर कुठे जाते ते नजरेनेच बघायचं.

नजरेनेच, हे मुद्दाम म्हणतो. ॲम्प्लिफायरचा डबा उघडायचा नाही. काही लाइनींवर त्याच कोॲक्स वायरीतून ॲम्प्लिफायरला वीज दिलेली असते, साध्या टीव्हीच्या वायरीत नसते तशी. घरातल्या वायरीच्या टोपीला हात लावताना झिणझिण्या आल्या तर आधी सगळ्या यंत्रांचे प्लग काढा आणि टेस्टर लावून बघा. टेस्टर तरीही पेटला तर हात लावू नका, केबलवाल्याला आणि वायरमनला बोलवा. कुठेतरी वीज गळते आहे आणि ते नेटपेक्षा गंभीर आहे. गच्चीच्या कठड्यावर चढून वायर ओढायची नाही. विजा कडाडत असताना यातलं काहीच करायचं नाही.

शेवटचा भाग, बाहेरच्यांशी बोलणं. आपल्याकडे या धंद्यात दोन पक्ष असतात. गल्लीतली तार आणि लाइनमन स्थानिक केबलवाल्याचे, पलीकडची यंत्रणा कंपनीची. कॉल सेंटर म्हणतं लोकल ऑपरेटरशी बोला. ऑपरेटर म्हणतो कंपनीचं सर्व्हर डाउन आहे. या दोघांमध्ये माणूस महिनोन्‌महिने चेंडूसारखा फिरतो. 'नेट स्लो आहे' या वाक्याला दोघांकडे तयार उत्तरं आहेत. आकड्यांना नाहीत. आणि आकड्यांचा आणखी एक फायदा, ते कुठल्याही भाषेत तेच राहतात. हैदराबादेत लाइनमन तेलुगू बोलणारा, तुमचं तेलुगू यथातथाच, तरी फोटो दाखवला की त्याला कळतं. हिंदीत सांगायचं असेल तर इतकंच सांगा: "मेन वायर सीधे मोडेम में लगाया है, बीच में स्प्लिटर नहीं है, अपस्ट्रीम ५४ है, घंटे में बीस टी३ आ रहे हैं." हे ऐकल्यावर समोरचा माणूस मोबाइल काढून स्पीड टेस्ट लावत नाही. तो शिडी आणायला जातो.

लाइनमनशी नीट बोला. उन्हात दुसऱ्याच्या गच्चीवर चढणारा तोच असतो आणि आधीच्या माणसाने केलेला जोड त्याला निस्तरावा लागतो. पाणी विचारा, आणि काम चालू असताना शेजारी उभे राहून आकडे वाचून सांगा. त्यालाही मदत होते, बऱ्याच जणांकडे मीटर नसतो.

तक्रार मात्र तोंडी ठेवू नका. कंपनीच्या तक्रार क्रमांकावर किंवा ॲपवर नोंदवा आणि डॉकेट नंबर घ्या. दाद लागली नाही तर ट्रायच्या व्यवस्थेनुसार प्रत्येक कंपनीला अपील प्राधिकारी ठेवावा लागतो, त्याचा पत्ता कंपनीच्या संकेतस्थळावर असतो. अपिलात तो डॉकेट नंबर लागतो, म्हणून तो जपून ठेवायचा. अपिलाबरोबर फोटो आणि आठवड्याची वही जोडा. भाड्याच्या घरात असाल तर भिंतीतली वायर बदलण्याआधी मालकाला एक मेसेज टाका, नंतर डिपॉझिटवरून वाद नको.

आणि हो, तुमच्या इमारतीत फायबर येत असेल तर सरळ ते घ्या. हे सगळं ज्ञान मिळवून केबलला चिकटून राहण्यात काही शौर्य नाही. पण अनेक जुन्या वस्त्यांत, वाड्यांत, कॉलन्यांत अजून पर्याय नसतो, त्यांच्यासाठी ही उस्तवार.

दुरुस्ती झाली की लाइनमनच्या समोरच पान पुन्हा उघडा. तीन आकडे आणि तारीख एका कागदावर लिहा आणि तो कागद मोडेमच्या खाली चिकटवून ठेवा. दुसऱ्या दिवशी दुपारी आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर पुन्हा एकदा ताडून बघा. अपस्ट्रीम त्या कागदावरच्या आकड्यापेक्षा तीन-चारने वर सरकलेलं दिसलं, तर नेट अजून चालू असेल तरीही तेव्हाच फोन करा.